घर घेताना मालमत्ता कर: भरायचा कोणी आणि आयकरात वजावट कोणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला, रिटर्नची गडबड सुरू झाली की घर घेतलेली मंडळी हातात घरपट्टीची पावती घेऊन येतात आणि एकच विचारतात, ‘ही कुठे दाखवायची?’ बऱ्याचदा उत्तर ‘कुठेच नाही’ असं असतं. ते ऐकून चेहरे पडतात. म्हणून हे प्रश्न एकदाचे लिहून काढले. उत्तरं महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर घर घेणाऱ्यांसाठी आहेत.

कलमांचे क्रमांक आयकर कायदा १९६१ मधले दिले आहेत, कारण लोकांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. त्यात क्रमांक बदलले (८०सी चं आता १२३ झालं) आणि ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. मालमत्ता कराचं सूत्र मात्र बदललेलं नाही.

मालमत्ता कर, मिळकतकर आणि घरपट्टी हे वेगवेगळे कर आहेत का?

नाही. मुंबईत ज्याला मालमत्ता कर म्हणतात, त्याला पुण्यात मिळकतकर म्हणतात आणि गावात घरपट्टी. आयकराच्या दृष्टीने तिन्ही एकच: स्थानिक स्वराज्य संस्थेने त्या मालमत्तेवर लावलेला कर. महापालिका असो, नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, फरक पडत नाही.

स्वतः राहायला फ्लॅट घेतला. भरलेला मालमत्ता कर आयकरातून वजा होईल का?

नाही, एक रुपयाही नाही. आणि हा काही अन्याय नाही, त्यामागे हिशेब आहे. आपल्या कायद्यात मालमत्ता कराची वजावट घराच्या ‘वार्षिक मूल्यातून’, म्हणजे घराचं वर्षाला जे भाडं येतं किंवा येऊ शकतं त्यातून मिळते, पगारातून किंवा एकूण उत्पन्नातून नाही. तुम्ही स्वतः राहता त्या घराचं वार्षिक मूल्य कायद्यानेच शून्य धरलं आहे. शून्यातून वजा काय करणार?

८०सी मध्येही मालमत्ता कराला जागा नाही. तिथे मुद्रांक शुल्क बसतं, आणि लोकांचा घोळ तिथेच होतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पण माझ्या अमेरिकेतल्या भावाला राहत्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स वजा मिळतो म्हणे!

बरोबर सांगतोय तो. तिथे खर्च तपशीलवार दाखवून रिटर्न भरणाऱ्याला राज्य आणि स्थानिक करांची वजावट मिळते, राहत्या घरावरचा कर धरून. तिची कमाल मर्यादा २०१८ पासून १०,००० डॉलर होती, ती २०२५ सालासाठी ४०,००० डॉलर झाली. शिवाय घर विकलं त्या वर्षाचा कर खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात मालकीच्या दिवसांप्रमाणे वाटून धरतात, पैसे प्रत्यक्ष कोणीही भरलेले असोत.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. राहत्या घराला वजावट नाही आणि दिवसांची वाटणीही नाही, इथे बघतात ते प्रत्यक्ष कोणी आणि कधी भरले. इंटरनेटवर शोधलं की आधी अमेरिकेची पानं समोर येतात, आणि लोक तीच वाचून माझ्याशी वाद घालतात.

मग घर भाड्याने दिलं तर?

तर मिळते, आणि पूर्ण मिळते. कलम २३ सांगतं की स्थानिक संस्थेने लावलेला कर मालकाने ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला, त्या वर्षीच्या वार्षिक मूल्यातून वजा करायचा. तो कर कोणत्या वर्षाचा होता याने फरक पडत नाही. एखाद्याने तीन वर्षांची बिलं एकदम भरली तर तिन्हींची रक्कम एकाच वर्षी वजा होते.

आकडे घेऊन बघू. समजा १ नोव्हेंबरला फ्लॅटचा ताबा मिळाला आणि त्याच दिवसापासून महिना २०,००० रुपये भाड्याने गेला. मार्चपर्यंत पाच महिन्यांचं भाडं १,००,००० रुपये. दुसऱ्या सहामाहीचं मालमत्ता कराचं बिल ६,००० रुपये, ते तुम्ही फेब्रुवारीत भरलंत. निव्वळ वार्षिक मूल्य झालं ९४,०००. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट २८,२००. उरले ६५,८००. यातून गृहकर्जाचं व्याज वजा होईल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ३० टक्के वजावट मालमत्ता कर वजा झाल्यानंतरच्या रकमेवर आहे, एक लाखावर नाही. आणि ती मिळण्यासाठी दुरुस्ती, रंगकाम, सोसायटीचा देखभाल खर्च यांच्या पावत्या लागत नाहीत. खर्च कमी झाला तरी ३० टक्केच आणि जास्त झाला तरी ३० टक्केच. त्यामुळे मेंटेनन्स वेगळा दाखवायला जाऊ नका, तो या ३० टक्क्यांत आला.

बिल मार्चचं आहे, मी ३ एप्रिलला भरलं. चालेल का?

वजावट जाणार नाही, पण पुढच्या वर्षात ढकलली जाईल. महत्त्व पैसे भरल्याच्या तारखेला आहे, बिलाच्या नाही. ऑनलाइन भरणाऱ्यांनी ३१ मार्चच्या रात्रीवर विसंबू नये. त्या दिवशी पोर्टल कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

माझी दोन घरं आहेत, दोन्ही बंदच असतात. तिसरं घेतोय.

दोन घरांचं वार्षिक मूल्य शून्य धरता येतं. तिसरं रिकामं असलं तरी ते ‘भाड्याने दिलेलं’ मानलं जातं आणि त्या भागात जे रास्त भाडं मिळू शकलं असतं त्यावर कर लागतो. त्यातल्या त्यात बरं एवढंच की या तिसऱ्या घराचा भरलेला मालमत्ता कर वजा मिळतो. तीनपैकी कोणती दोन घरं शून्याची धरायची ते तुम्हीच ठरवायचं. ज्याचं भाडं जास्त येऊ शकतं ते शून्यात टाकावं, हे उघड आहे.

जुनं घर घेतोय. मागच्या मालकाची थकबाकी कायद्याने कोणाची?

तुम्ही आणि विक्रेता यांच्यापुरतं उत्तर स्वच्छ आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतचे सार्वजनिक आकार विक्रेत्याने भरायचे आणि मालकी आल्यानंतरचे खरेदीदाराने.

पण महापालिकेला तुमच्या आपापसातल्या कराराशी देणंघेणं नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चं कलम २१२ आणि इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम १४१, दोन्ही सांगतात की सरकारी जमीन महसूल सोडला तर मालमत्ता कराचा त्या मिळकतीवर पहिला बोजा असतो. बँकेच्या कर्जाच्याही आधी. म्हणजे थकबाकी माणसाला नाही, घराला चिकटते. मालक बदलला तरी ती भिंतीतल्या ओलीसारखी तिथेच राहते.

यावर काही जण सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणातला निकाल पुढे करतात. लिलावात मालमत्ता घेणाऱ्याला थकबाकीची कल्पना नव्हती, म्हणून हा बोजा त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं होतं. निकाल खरा आहे. पण त्याचा सगळा भार ‘माहिती नव्हती’ यावर आहे. आज मालमत्ता क्रमांक टाकला की थकबाकी मोबाइलवर दिसते. ‘मला ठाऊकच नव्हतं’ हे आता कोण ऐकून घेणार? शिवाय थकबाकी राहिली तर बिलावर नाव बदलून घेतानाच अडवणूक होते. त्या निकालाच्या भरवशावर घर घेऊ नका.

व्यवहार मोडू नये म्हणून विक्रेत्याची थकबाकी मीच भरली. ती मला वजा मिळेल?

सगळ्यात जास्त वाद होतो तो या प्रश्नावर.

घर तुम्ही स्वतः राहायला घेतलं असेल तर वरचं उत्तर लागू, वजावट नाही. प्रश्न उरतो भाड्याने दिलेल्या घराचा. कलम २३ मधले शब्द नीट वाचले तर दोन अटी दिसतात: कराचं दायित्व मालकावर आलेलं असावं आणि पैसे ‘त्याने’ प्रत्यक्ष भरलेले असावेत. तुम्ही भरताना मालक आहात, पण ते दायित्व आलं तेव्हा मालक दुसराच होता. त्यामुळे अशी रक्कम भाड्यातून वजा करणं मी टाळतो. दुसऱ्याचं देणं तुम्ही त्याच्या वतीने फेडलंत. ते घराच्या किमतीचा भाग समजणं मला जास्त सरळ वाटतं.

ते तसं समजण्याला आधारही आहे. आर. एम. अरुणाचलम प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने फरक केला तो असा: आधीच्या मालकाने करून ठेवलेलं गहाण तुम्ही फेडलंत तर ती रक्कम तुमच्या संपादन खर्चात (पुढे विकताना नफा मोजायला विक्रीच्या किमतीतून वजा होणारा घर घेण्याचा खर्च) येते, पण गहाण तुम्हीच ठेवलं असेल तर येत नाही. मालमत्ता कराची थकबाकीही आधीच्या मालकाने मागे ठेवलेला बोजाच आहे. हा युक्तिवाद टिकवायचा असेल तर खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या की थकबाकीची अमुक रक्कम खरेदीदार विक्रेत्याच्या वतीने, मोबदल्याचा भाग म्हणून भरत आहे. तोंडी ठरवलेलं दहा वर्षांनी सिद्ध करता येत नाही.

पण याचा फायदा किती, तेही बघा. ४०,००० रुपये थकबाकी संपादन खर्चात धरली आणि पुढे घर विकताना १२.५ टक्के दराने दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर लागला, तर वाचतात ५,००० रुपये, सेस वेगळा. तेही घर विकाल तेव्हा. त्यापेक्षा तेच ४०,००० आज किमतीतून कापून घ्या.

कापून कसे घ्यायचे? विक्रेता तयार होत नाही.

विक्रेत्याने ते घर भाड्याने दिलेलं होतं का, ते आधी विचारा. होतं असेल तर त्याला सांगा की मालक असतानाच थकबाकी भरलीत तर ती तुमच्या भाड्यातून वजा होईल. मी भरली तर तुम्हालाही उपयोग नाही, मलाही नाही. हे ऐकून नरमलेले विक्रेते मी पाहिले आहेत. तो स्वतःच राहत असेल तर हा मुद्दा लागू होत नाही, मग सरळ टोकनच्या वेळीच अट घाला: शेवटचा हप्ता थकबाकी शून्य असल्याचा उतारा दाखवल्यावर.

थकबाकी मी भरल्यामुळे टीडीएसवर काही परिणाम?

होऊ शकतो. घराची किंमत किंवा मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, जुन्या कायद्यात हे कलम १९४-आयए. विक्रेत्याचं देणं तुम्ही मोबदल्याचा भाग म्हणून फेडत असाल तर टीडीएसचा हिशेब त्या रकमेसह करणं सुरक्षित. शेवटी वाढतो तो ४०,००० वर ४०० रुपये. त्यासाठी नोटीस कशाला ओढवून घ्यायची?

विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. त्याचा टीडीएस वेगळ्या कलमाने आणि बराच जास्त दराने कापावा लागतो. तिथे सीएला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विक्रेत्याने वर्षभराचा कर आधीच भरलाय आणि आता माझ्या महिन्यांचे पैसे मागतोय. द्यायचे का?

व्यवहार म्हणून मागणी रास्त आहे, त्याने तुमच्या वाट्याचं भरलं. पण आयकरात तुम्ही महापालिकेला काहीच भरलेलं नाही, तुम्ही एका माणसाला पैसे दिले. पावतीवर नाव आणि बँक खातं त्याचं. ती रक्कम घरपट्टी म्हणून वजा मागितली आणि कोणी पुरावा विचारला तर दाखवायला काही नाही.

आपल्याकडे बिलं बहुधा सहामाही असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सोयीचं हे की ज्या सहामाहीत खरेदीखत होतंय तिथपर्यंतचं त्याने भरावं, पुढचं तुम्ही स्वतः, स्वतःच्या खात्यातून. दोन-चार महिन्यांचा फरक उरला तर किमतीत मिटवून टाका. रक्कम एवढी लहान असते की त्यासाठी वेगळी चिठ्ठीचपाटी करण्यात अर्थ नाही.

बिल्डरकडून नवं घर घेतोय. तो ताबा देताना मालमत्ता कर आगाऊ मागतोय.

स्थावर संपदा कायदा २०१६, म्हणजे आपला रेरा, सांगतो की प्रत्यक्ष ताबा देईपर्यंतचे महापालिकेचे कर आणि इतर देणी बिल्डरने भरायची. ताब्यानंतरचा वाटा तुमचा. त्यामुळे ताब्याच्या तारखेआधीच्या काळाची मागणी असेल तर ती करारात कुठे लिहिली आहे ते विचारा.

आगाऊ दिलेली रक्कम त्याच्याकडे जमा आहे, महापालिकेत नाही. घर भाड्याने देणार असाल तर वजावट त्याने तो पैसा महापालिकेत भरल्यावर, त्या वर्षी. म्हणून महापालिकेची पावती मागून घ्या. ‘सोसायटी हस्तांतराच्या वेळी हिशेब देऊ’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते पावतीवरच छापावं असं वाटतं.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचं काय?

हा मालमत्ता कर नाही, पण गल्लत इतकी होते की इथेच सांगतो. निवासी घर आपल्या नावावर करून घेताना दिलेलं मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि त्या हस्तांतरासाठीचा इतर खर्च ८०सी मध्ये चालतो. अटी अशा: जुनी करपद्धत निवडलेली असावी, रक्कम त्याच वर्षी भरलेली असावी आणि पीएफ, विमा, मुलांची फी हे सगळं धरून एकूण मर्यादा दीड लाखाची. मुद्रांक शुल्क चार लाख असलं तरी वजावट दीड लाखाच्या आतच, आणि नोकरदार माणसाचे दीड लाख बहुधा पीएफनेच भरत आलेले असतात.

सोसायटीची प्रवेश फी आणि शेअर्सची किंमत यात धरता येत नाही. आणि ताबा मिळाला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं तर या कलमाखाली घेतलेली घराची वजावट उलटून विक्रीच्या वर्षीच्या उत्पन्नात येते. हे फार थोड्यांना माहीत असतं.

पुढे घर विकताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दलाली हे संपादन खर्चात येतात. दरवर्षी भरलेला मालमत्ता कर मात्र येत नाही, कितीही वर्षं भरला असला तरी. तो घर सांभाळण्याचा खर्च आहे, घेण्याचा नाही.

बिल अजून जुन्या मालकाच्या नावावर येतं. वजावट घेता येईल?

येईल. वजावट मालकाला आहे, बिलावर छापलेल्या नावाला नाही. खरेदीखत तुमच्या नावाचं आणि पैसे तुमच्या खात्यातून गेलेले, एवढं पुरतं. पण आळस करू नका. मुंबईत तर हस्तांतराची सूचना महापालिकेला तीन महिन्यांत द्यायची असते. शिवाय जुन्या मालकाच्या नावाने आलेली नोटीस तुमच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

नाव बदलताना सवलतीही बघून घ्या. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज द्यावा लागतो. जुन्या मालकाने घर भाड्याने दिलेलं होतं म्हणून सवलत गेली होती आणि नवा मालक राहायला आल्यावरही पूर्ण बिल भरत बसला, अशी उदाहरणं कमी नाहीत. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून माफी आहे. जे भरलंच नाही ते अर्थात वजाही होत नाही.

आमच्याकडे पूर्ण इमारतीचं एकच बिल येतं, सोसायटी ते मेंटेनन्समध्ये लावते.

मेंटेनन्सच्या बिलात मालमत्ता कराचा रकाना वेगळा असेल तर तेवढीच रक्कम धरा, बाकीचा मेंटेनन्स नको. घर भाड्याचं असेल तर सोसायटीकडून वर्षाच्या शेवटी एक साधं पत्र घ्या: अमुक फ्लॅटच्या वाट्याचा इतका कर, महापालिकेत अमुक तारखेला भरला. सोसायटीने तुमच्याकडून पैसे घेतले पण महापालिकेशी वाद चालू म्हणून भरलेच नाहीत, असंही होतं. तेव्हा वजावट थांबते.

भाडेकरूनेच घरपट्टी भरली तर?

तुम्हाला वजावट नाही. कायद्यात ‘मालकाने भरलेला’ असं आहे. लिव्ह अँड लायसन्स करारात कर भाडेकरूवर टाकून वर वजावटही घ्यायची, हे दोन्ही जमत नाही. कर तुम्ही भरा आणि भाडं तेवढं वाढवा.

शास्ती, पाणीपट्टी, एनए टॅक्स?

उशिराबद्दलची शास्ती हा कर नाही, मी वजा घेत नाही. आणि ती साधीसुधी नसते, महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के. मालमत्ता कराच्याच बिलात कर म्हणून आलेले पाणी आणि मलनिःसारणाचे रकाने चालतात. मीटरप्रमाणे आलेलं पाण्याचं बिल हा वापराचा आकार, तो नाही.

सोसायटीच्या जुन्या हिशेबांत दिसणारा एनए टॅक्स (बिगरशेती कर) हा जमीन महसूल आहे. तो तलाठ्याकडे, म्हणजे राज्य सरकारकडे जातो, स्थानिक संस्थेकडे नाही. त्यामुळे घरभाड्यातून तो वजा होत नाही.

दुकानाचा गाळा किंवा नुसता प्लॉट घेतला तर?

गाळ्यात स्वतःचा धंदा असेल तर मालमत्ता कर हा धंद्याचा खर्च, आणि तिथे जमीन महसूलही चालतो. अट एकच, कलम ४३बी प्रमाणे पैसे प्रत्यक्ष भरलेले हवेत. वर्षअखेरीला बाकी असेल तर रिटर्नच्या मुदतीआधी भरा.

मोकळ्या प्लॉटवर ‘घरापासूनचं उत्पन्न’ नसतं, म्हणून वजावटही नाही.

मी नव्या करपद्धतीत आहे. मला यातलं काय लागू?

२०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू असते, तेव्हा हा प्रश्न आता बहुतेकांचा. भाड्याच्या घराचा मालमत्ता कर आणि ३० टक्के दोन्ही नव्या पद्धतीतही मिळतात, कारण ती उत्पन्न मोजण्याचीच रीत आहे. ८०सी नाही, म्हणजे मुद्रांक शुल्काची वजावट नाही. राहत्या घराच्या कर्जाचं व्याज नाही. भाड्याच्या घराचं व्याज मिळतं, पण त्यातून आलेला तोटा पगारासमोर लावता येत नाही.

घर नवरा-बायकोच्या नावावर, कर एकच जण भरतो.

खरेदीखतात हिस्से लिहिलेले असतील तर भाडं आणि कर दोन्ही त्याच प्रमाणात दाखवा. भाडं निम्मं-निम्मं आणि घरपट्टी सगळी एकाच्या रिटर्नमध्ये, असं करू नका. संयुक्त खात्यातून भरलं की वाद उरत नाही.

नोंदणीआधी नेमकं काय बघायचं?

माझ्याच घराची गोष्ट सांगतो, कारण हा धंदा करूनही मी फसलो. विक्रेत्याने चालू सहामाहीची ताजी पावती दाखवली, शिक्का, तारीख सगळं ठीक. मी खूश. नाव बदलायला गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीन रकाने होते: चालू मागणी, मागील थकबाकी, शास्ती. भरलेली रक्कम सगळ्यात जुन्या वर्षाच्या खात्यात वळती झाली होती आणि चालू मागणी तशीच उभी. पावती खरी होती. मी ती चुकीची वाचली होती.

तेव्हापासून पावती बघून मी समाधान मानत नाही, उतारा मागतो. महापालिकेच्या संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाका आणि ‘एकूण देय’ शून्य आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, खरेदीखताच्या आदल्या दिवशी. त्याची प्रत काढून ठेवा. बिलावरचं क्षेत्रफळ आणि वापर तपासा. निवासी घरावर बिगरनिवासी आकारणी किंवा उलट असेल तर पुढे फेरआकारणीची मागणी तुमच्या दारात येईल. आकारणीवर न्यायालयात वाद चालू आहे का, ते सोसायटीच्या सचिवाला विचारा, ते स्क्रीनवर नेहमी दिसत नाही. आणि खरेदीखतात एक वाक्य हवंच: आजच्या तारखेपर्यंतच्या कालावधीची कोणतीही मागणी, ती पुढे केव्हाही आली तरी, विक्रेता भरेल. हे वाक्य महापालिकेला अडवत नाही, पण विक्रेत्याकडून पैसे वसूल करायला तुमच्या हातात कागद असतो.

पावत्या किती वर्षं ठेवायच्या?

खरेदीखत, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची आणि दलालीची पावती घर विकेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं. मालमत्ता कराच्या पावत्या भाड्याच्या घराच्या असतील तर रिटर्नबरोबर जोडायच्या नसतात, पण सहा-सात वर्षं हाताशी ठेवा. खिडकीवर मिळते ती गुळगुळीत कागदाची छापील पावती दोन उन्हाळ्यांत कोरी पडते. घरी आल्या आल्या तिचा फोटो काढा.